चाळीस रुडिमेंट्स राहू दे, आधी स्टिक कुठं थांबते ते बघ

प्रश्न जिंतूरजवळच्या एका गावातून आलाय. अकरावीतली मुलगी आहे, कॉलेजच्या एनसीसी बँडमध्ये तिला साइड ड्रम मिळालाय. ड्रम पट्ट्यानं डाव्या मांडीवर लटकतो. घरी वडील हलगी वाजवतात, म्हणजे ताल लहानपणापासून कानात आहे. तिनं चाळीस रुडिमेंट्सचा (म्हणजे ड्रमवरच्या ठोक्यांच्या ठरलेल्या लहान चालींचा) तक्ता छापून भिंतीला लावलाय आणि जूनपासून क्रमानं एकेक पाठ करतेय. सराव पाटावर बसून, समोर जमिनीवर टायरचं रबर ठेवून. तक्रारी तीन: रोल (सलग एकच आवाज वाटावा इतके जलद ठोके) मध्येच फुटतो, चालायला लागलं की हात सगळं विसरतात, आणि अमेरिकन पथकांच्या व्हिडिओत बघून डाव्या हातात स्टिक उलटी धरते तेव्हापासून मनगट दुखतंय. शिवाय तिला विचारायचंय की 17 सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला जमेल का, रोज किती तास द्यावेत, आणि शहरात जाऊन क्लास लावावा का.

17 सप्टेंबरला जमेल. चाळीस रुडिमेंट्स तोवर होणार नाहीत, पण मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनाला तेवढी लागतही नाहीत. पाच-सहा नीट आली तरी पुष्कळ. राज्यातल्या बाकी पथकांचं काय ते 15 ऑगस्टला उरकतं, आपल्याला मराठवाड्यात महिनाभरानं आणखी एकदा वाजवायला मिळतं. त्या महिन्यात खूप काही सुधारता येतं.

आधी त्या तक्त्याबद्दल. तो भिंतीवरून काढायची गरज नाही, पण त्याला अभ्यासक्रम समजू नकोस. अमेरिकेत 1933 साली शिकागोमध्ये ड्रमरांच्या संघटनेनं तेरा रुडिमेंट्स 'आवश्यक' ठरवली, पुढं आणखी तेरा घालून सव्वीस केली. तुझ्याकडची चाळीसची यादी पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यवाल्यांच्या संघटनेनं 1984 मध्ये काढली. तिची मांडणी घराण्यांप्रमाणे आहे: पहिली पंधरा रोलची, मग चार पॅराडिडलची (एकेरी आणि दुहेरी ठोक्यांची मिसळ), मग अकरा फ्लॅमची (मोठ्या ठोक्याच्या जरा आधी एक हलका), शेवटची दहा ड्रॅगची (आधी दोन हलके). सोप्याकडून अवघडाकडं असा तो क्रम नाही. तुझ्याच तक्त्यात बघ, पाचव्या नंबरला एका हाताचे तीन-तीन ठोके आहेत आणि दोन-दोनचा साधा डबल त्यानंतर, सहाव्याला. साधा फ्लॅम तर थेट विसाव्या नंबरवर. क्रमानं जाणारा माणूस सतरा ठोक्यांचा रोल झाल्यावर फ्लॅमला हात लावणार, आणि संचलनाच्या जवळजवळ प्रत्येक वाजवणीत फ्लॅम पहिल्या ओळीतच येतो.

त्याहून मोठी अडचण अशी की तक्ता फक्त उजवा-डावा सांगतो. कुठल्या हातानं मारायचं ते त्यात कळतं. मारल्यानंतर स्टिक कुठं जाऊन थांबायची, हे त्यात कुठंच नाही. आणि माझ्या मते रुडिमेंट म्हणजे तेवढंच आहे. हातांचा क्रम पाठ करायला पाचवीतल्या लेकराला एक दुपार पुरते. ठोका मारल्यावर स्टिक तीन इंचांवर धरून ठेवायची की बारा इंचांवर परत जाऊ द्यायची, हे हातात बसायला महिने जातात.

ठोके चारच प्रकारचे असतात. वरून सुरू होऊन वरच परतणारा फुल. वरून येऊन खालीच थांबणारा डाऊन. खाली सुरू होऊन खालीच राहणारा टॅप. खालून मारून वर उचलला जाणारा अप. वर म्हणजे पॅडपासून (तुझ्या त्या रबरापासून) नऊ ते बारा इंच, खाली म्हणजे तीन इंच. भिंतीसमोर पॅड ठेव आणि भिंतीवर खडूनं दोन रेघा मार, एक तीन इंचांवर, एक नऊवर. स्टिकचं टोक त्या रेघांशी ताडून बघ. आरसा असेल तर आणखी बरं. पहिले आठ-दहा दिवस एका हातानं आठ, दुसऱ्या हातानं आठ, एवढंच वाजव. आधी सगळे फुल. नंतर पहिला ठोका वरून आणि उरलेले सात तीन इंचांवरून. पहिला जोरकस ठोका मारल्यावर स्टिक उसळून वर जायला बघेल, तिला तीन इंचांवर थांबवायचंय. दाबून नाही, मनगट थांबवून. आठव्या ठोक्यानंतर ती पुन्हा वर न्यायची. आठवड्यानं एखाद्या दिवशी लक्षात येईल की डोळे मिटले तरी उंची कळते.

आता पॅराडिडल. हात असे: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. जोर पहिल्या ठोक्यावर. हे एवढं सगळ्यांनाच येतं, आणि तरीही बहुतेक पोरांचा पॅराडिडल सपाट, आठ सारख्या ठोक्यांचा ऐकू येतो. कारण दुसरा ठोका बघ. तो आवाजाला हलका आहे, पण तो ज्या हाताचा आहे त्याच हातावर पुढच्या चौकडीतला जोरकस ठोका येणार आहे. म्हणून तो हलका मारून लगेच हात वर जायला हवा. म्हणजे पहिला डाऊन, दुसरा अप, तिसरा टॅप, चौथा टॅप. वाजवताना तोंडानं 'डाऊन-अप-टॅप-टॅप' म्हण, अगदी मोठ्यानं. पखवाज शिकणारी मुलं हात लावायच्या आधी बोल तोंडानं म्हणतात, तुमच्या गावच्या भजनी मंडळात कुणी शिकत असेल तर बघितलंच असशील. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टिकटिकणारं यंत्र, मिनिटाला साठवर ठेव आणि एका टिकटिकीला चार ठोके. ही चौकडी तोंडात आणि हातात एकदम चालायला लागली की पॅराडिडल आलाच, आणि त्याच्या जिवावर पुढची निम्मी रुडिमेंट्स येतात.

मनगटाचं दुखणं बहुधा तुझ्या बैठकीतून आलंय. ती उलटी पकड, जिला ट्रॅडिशनल ग्रिप म्हणतात, तिरक्या ड्रमसाठी निघाली. पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रम डाव्या मांडीवर लटकतो, आणि त्याची डावी कड वर, उजवी खाली अशी राहते. अशा ड्रमवर डावा हात वरून धरला तर कोपर खांद्याइतकं उचलावं लागतं, म्हणून सैनिकांनी तळवा वर करून खालून धरायला सुरुवात केली. तुझा ड्रम तसाच लटकतो, तेव्हा बँडमध्ये ही पकड तुझ्यासाठी बरोबर आहे. पण घरी तू पाटावर बसून जमिनीवरच्या सपाट रबरावर तीच पकड वापरतेस. तिथं मनगटाला खाली आणि आत दोन्हीकडं मुरड पडते. तू बघितलेल्या अमेरिकन पथकांचे ड्रमही सपाट असतात हे खरं, पण ते हार्नेसवर, म्हणजे खांद्यांवर चढवायच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला बसवलेले असतात आणि कोपर मोकळं सुटलेलं असतं.

यावर उपाय फुकट आहे. पॅड स्टुलावर किंवा धान्याच्या डब्यावर घे, उभी राहा, डबा नाभीच्या जरा खाली येईल असा निवड, आणि पॅडच्या डाव्या कडेखाली अर्धी वीट सरकव. झाला तिरका ड्रम. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसव, तिचा दांडा मधल्या बोटाखालून अनामिकेवर टेकव, करंगळी अनामिकेला आधार देईल. तर्जनी आणि मधलं बोट वरून नुसती वळलेली, दाबलेली नाहीत. ठोका मारताना मनगट वर-खाली वाकत नाही, कोपरापासून पंजापर्यंतचा हात स्वतःभोवती फिरतो. पहिले दिवस अंगठ्याच्या बेचक्यात कातडी हुळहुळेल, त्याला इलाज नाही, ती पुढं राठ होते. कोपराखालचा हात भरून येऊन दगड झाला, तर थांबायचं, हात झटकायचे, निम्म्या वेगावर परत सुरू करायचं. मनगटाच्या सांध्यात कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र सराव बंद, आणि आठवड्यात गेलं नाही तर डॉक्टरला दाखव. तेवढे दिवस उजव्या हाताचं काम करत राहा. कॅम्प तोंडावर आहे म्हणून त्यावर मलम चोळून वाजवणारी पोरं मी बघतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

उजवा हात सोपा. स्टिकच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीची पहिली पेरं समोरासमोर, बाकी तीन बोटं स्टिकला लागून पण सैल, तळवा जमिनीकडं. नखं पांढरी पडत असतील तर तू आवळतेयस.

हलगीबद्दल तू जे लिहिलंस, त्यात थोडी कुरकुर ऐकू आली, की हलगीची सवय आडवी येतेय का म्हणून. माझं मत वेगळं आहे. हलगी वाजवणाऱ्या घरातल्या मुलीला जी गोष्ट फुकट मिळते ती शहरातल्या क्लासमधल्या पोरांना वर्षभर शिकवावी लागते: ठेक्यातलं वजन. कुठला ठोका पुढं ढकलायचा आणि कुठला नुसता शिवून जायचा हे तुला सांगावं लागणार नाही. अडचण एकाच ठिकाणी आहे. हलगीत डावा हात कडं पेलतो आणि त्याच हाताच्या बोटांत लांब पातळ काडी असते. ती बोटांनी नाचते, मनगट जवळजवळ जागचं हलत नाही. उजव्या हातातलं आखूड टिपरू मात्र मनगटानं पडतं. म्हणजे दोन हातांची दोन वेगळी कामं. साइड ड्रमवर दोन्ही हातांचा आवाज असा एकसारखा हवा की पाठ फिरवून ऐकणाऱ्याला कुठला हात होता ते सांगता येऊ नये. म्हणून तुझा डावा हात मागं पडतोय, तो तुझ्यात दोष आहे म्हणून नाही. आठ-आठच्या सरावात डाव्याला दुप्पट वेळ दे. वडिलांना पाठमोरं बसव आणि ओळखायला सांग. त्यांच्या कानातून काही सुटणार नाही.

आता फुटणारा रोल. तू लिहितेस की दोन-दोन ठोके हळू जमतात, वेग वाढला की दुसरा ठोका गायब होतो. सगळ्यांचं हेच होतं. हळू वेगात दोन्ही ठोके मनगटानं मारता येतात, वेगात ते शक्य नसतं. हिशोब कर. संचलन मिनिटाला 116 ते 120 पावलांवर चालतं, सोयीसाठी सेकंदाला दोन पावलं धर. उघड्या रोलमध्ये, म्हणजे दोन-दोन ठोक्यांच्या रोलमध्ये, एका पावलाला हात चार वेळा हलतात आणि प्रत्येक हालचालीत दोन ठोके पडतात. म्हणजे सेकंदाला सोळा ठोके, एका हाताच्या वाट्याला आठ. मनगट सेकंदाला आठ वेळा फिरवणं भल्याभल्यांना अवघड जातं, चार वेळा मात्र तुलाही आजच जमतं. म्हणून मनगट चारदा फिरवायचं आणि प्रत्येक वेळी दुसरा ठोका उसळीतून घ्यायचा. पण नुसती उसळी सोडली तर दुसरा ठोका पहिल्यापेक्षा बारीक येतो. चेंडूला टप्पी देताना तो वर आल्यावर बोटांनी हलकेच पुन्हा खाली धाडतो, तसं मागची तीन बोटं दुसऱ्या ठोक्याला मिटायची. डाव्या हाताच्या उलट्या पकडीत हेच काम अंगठा आणि तर्जनी करतात.

यासाठी मी एकच व्यायाम देतो. एका हातानं दोन-दोन ठोके, जोर दुसऱ्यावर. आधी पॅडवर, मग उशीवर. उशीवर उसळी नसतेच, त्यामुळं बोटांना काम करावंच लागतं. मात्र उशीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि मनगट दुखत असताना तर नाहीच. नंतर पॅडवर परत येऊन एकेरी ठोके वाजव, मेट्रोनोम ऐंशीवर, टिकटिकीला चार, आणि हातांची तीच चाल न बदलता प्रत्येक ठोक्याचे दोन कर. चार मात्रा एकेरी, चार मात्रा दुहेरी. दुहेरी सुरू झाल्यावर हात घाई करायला लागले तर समज की तुझी दोन-दोनची मोजणी अजून डोक्यातच चाललीय. हात तसेच चालू दे, ठोके वाढू दे.

हे एकदा कळलं की पाच, नऊ, सतरा या आकड्यांचं कोडं सुटतं. पाच ठोक्यांच्या रोलमध्ये हात तीनदाच हलतो: उजवा दोन, डावा दोन, उजवा एक. तो पाय उचललेला असताना सुरू होतो आणि शेवटचा ठोका पाय टेकताना पडतो. नऊचा एका पावलावर सुरू होऊन पुढच्या पावलावर संपतो. सतराचा दोन पावलं खातो. तिन्ही ज्या हातानं सुरू झाले त्याच हातावर संपतात. म्हणून संचलनासाठी हे तीन आधी शिक. सात, अकरा, पंधरा यांची सुरुवात पावलांच्या मध्ये अडचणीच्या जागी येते आणि शेवट दुसऱ्या हातावर, त्यांना दिवाळीनंतर हात घाल.

इथूनच तुझ्या चालण्याच्या तक्रारीकडं येतो. बसून केलेला सराव चालताना टिकत नाही, कारण पाय हे तुझं मेट्रोनोम आहे आणि घरी तू त्याला बाहेर ठेवतेस. पहिल्या दिवसापासून उभं राहून, जागच्या जागी कदमताल करत वाजवायचं. वेग साठ असला तरी. मोठ्या ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडतो, त्यामुळं तुझी पहिली मात्रा नेहमी डाव्या पायाला. पॅराडिडल एका पावलाला चार ठोके असा वाजवलास तर डाव्या पायाला उजवा हात सुरुवात करतो आणि उजव्या पायाला डावा. चालताना डावा पाय पुढं असताना उजवाच हात पुढं येतो ना, अगदी तेच. म्हणून चालत शिकायला पॅराडिडल हा सगळ्यात सोयीचा. पोरांना मी तो पॅड न देताच शिकवतो: ग्राउंडला चक्कर, हात मांडीवर, तोंडानं बोल. हे जमल्यावरच गळ्यात पट्टा. आणखी एक, चालताना शरीर दर पावलाला थोडं खाली बसतं, ड्रमही उडतो. ड्रमच्या खालच्या बाजूला मांडीवर टेकणारा आधार असेल तर तो नीट बसव, नसेल तर पट्टा एक भोक वर घे, म्हणजे झोका कमी होईल.

फ्लॅमचं थोडक्यात सांगतो, कारण चार ठोके कळले असतील तर त्यात नवं काही नाही. एक हात पॅडपासून इंचभर, दुसरा नऊ इंचांवर, आणि दोन्ही एकाच वेळी सोडायचे. जवळचा आधी पोचतो, लांबचा मागून. मुद्दाम मागं-पुढं मारायला गेलीस तर घोडा दौडल्यासारखं ऐकू येईल, आणि दोघांची उंची सारखी झाली तर दोन्ही एकदम आपटतील. पलटी घेताना मोठा ठोका मारणारा हात खालीच थांबतो, लहान ठोका मारणारा वर जातो, झाला पुढचा फ्लॅम तयार. डाऊन आणि अप, तेच.

ध्वजवंदनाच्या दिवशी तुझी खरी कसोटी संचलनात लागणार नाही. राष्ट्रगीत बँडवर वाजवायचं असेल तर त्याआधी ड्रमचा रोल द्यावा लागतो, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रगीताबाबतच्या आदेशात तो कसा असावा हे लिहिलेलं आहे. धीम्या चालीची सात पावलं एवढी त्याची लांबी. सुरुवात हळू आवाजात, मग शक्य तितका मोठा, मग उतरत पुन्हा पहिल्याइतका हळू, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. मग एक मात्रा शांतता, आणि राष्ट्रगीत. धीमी चाल मिनिटाला सत्तर पावलांच्या आसपास धरली तर हे साधारण सहा सेकंद होतात. सहा सेकंद फार वाटत नाहीत, पण सगळं मैदान सावधान उभं असतं आणि दुसरा कुठलाच आवाज नसतो. फुटलेला रोल तिथं शेवटच्या रांगेतल्या पहिलीच्या पोरालाही कळतो. मी बघितलेल्या शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी चढ ठीक असतो आणि उतार कोसळतो. पाचव्या पावलाला आवाज एकदम खाली येतो आणि शेवटची दोन पावलं नुसती खुडखुड.

याचं कारण पुन्हा उंचीच. आवाज वाढवायला पोरं स्टिक आवळतात आणि कमी करायला सैल सोडतात. आवळलेल्या हातातून उसळी मरते, सोडलेल्या हातातून दुसरा ठोका निसटतो. पकड सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच ठेवायची, बदलायची फक्त उंची. पहिल्या पावलाला इंचभर, चौथ्याला आठ-नऊ इंच, सातव्याला परत इंचभर. हातांचा वेगही बदलायचा नाही, आवाज चढला की वेग चढतो ही जुनी खोड आहे. इंचभर उंचीवर रोल टिकवणं नऊ इंचांपेक्षा अवघड, म्हणून सराव उलटा कर: आधी दहा सेकंद एक इंचावर, तेवढंच. ते सपाट, सलग आलं की चढ-उतार जोड. हा रोल उघडा दोन-दोनचाही चालतो किंवा स्टिक दाबून भरीव गुरगुर काढणारा प्रेस रोलही. तुमच्या बँडमध्ये सगळे साइड ड्रम एकच प्रकार वाजवतायत एवढं बघा, दोन जणी उघडा आणि एक जण प्रेस असं झालं तर चिखल होतो.

यात ड्रमही साथ देतो किंवा पाय ओढतो. कॉलेजचे ड्रम जानेवारीपासून स्टोअर रूममध्ये पडलेले असणार. वरचं हेड, म्हणजे ज्यावर वाजवतो ते ताणलेलं पान, प्लॅस्टिकचं असेल तर बोटानं दाबून बघ, भाकरीच्या पिठागत खड्डा पडत असेल तर त्यावर डबल येणं शक्यच नाही, तुझा हात कितीही तयार असला तरी. चावीनं आवळताना एका बोल्टनंतर त्याच्या समोरचा, प्रत्येकाला अर्धा फेर, असं गोल फिरून ये. मग प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टकटक करून सगळीकडं एक सूर येतोय का ऐक, हलगी शेकून सूर बघतात ते तुला कुणी शिकवायला नको. खालचं हेड वरच्यापेक्षा पातळ असतं आणि लवकर फाटतं, ड्रम त्यावर टेकवून ठेवू नका. खालच्या हेडला लागून असलेल्या तारा फार आवळल्या तर आवाज गुदमरतो, फार सैल ठेवल्या तर प्रत्येक ठोक्यामागं फरफर येते. वाजवून झालं की तारांचा खटका सोडून ठेवायचा. मोठा ड्रम कातड्याचा असेल तर ऑगस्टच्या दमट हवेत तो लोंबतो, त्याला सकाळी थोडा वेळ उन्हात ठेवावा लागतो, पण दुपारभर विसरून जाऊ नका.

स्टिक घेताना ताशाच्या काड्या किंवा ड्रमसेटच्या बारीक स्टिक नको. दुकानात 'टू बी' मापाची माग, ती जाड असते आणि नवख्या हाताला पुरेशी. काउंटरवर घरंगळवून बघ, डुगडुगली तर वाकडी आहे. जोडीतल्या दोन्ही काउंटरवर आपट, सूर जुळला पाहिजे, नाहीतर एक जड आणि एक हलकी निघते. हार्नेसवर पैसे घालू नकोस, तुमच्या ड्रमला तो बसणारही नाही. त्या व्हिडिओतल्या पथकांचे ड्रमच वेगळे, केव्हलार नावाच्या चिवट कृत्रिम धाग्याचं हेड फळीइतकं ताणलेलं असतं आणि उसळी आपोआप येते. ती पोरं उन्हाळाभर दिवसचे दिवस हेच करतात. बघ जरूर, पण त्यांचा वेग बघून स्वतःचा मेट्रोनोम लावू नकोस. आपल्या कामाचं जास्त बघायचं असेल तर दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीत विजय चौकात सैन्याच्या बँडांचं बीटिंग रिट्रीट होतं, त्यातला ड्रमर्स कॉल हा ड्रमवाल्यांचा तुकडा बघ, आणि आवाज बंद करून नुसत्या स्टिकच्या उंचीकडं बघ.

रोज किती? अर्धा तास, दोन तुकड्यांत. सकाळी कॉलेजआधी पंधरा मिनिटं आठ-आठ आणि पॅराडिडल, संध्याकाळी पंधरा मिनिटं डबल आणि रोल. दोन्ही उभ्यानं, पाय चालू ठेवून. सलग तीन तास बसणाऱ्यांचे हात दुसऱ्या तासात चुकीचंच पाठ करत असतात. वेग चार-चारनं वाढव, आणि ज्या वेगावर खडूच्या रेघा चुकायला लागतात तिथून दोन पायऱ्या मागं ये. ऑगस्टच्या शेवटापर्यंत पॅराडिडल आणि पाच-नऊचे रोल 116 वर यायला हवेत. नाही आले तर सतराचा सोडून दे आणि राष्ट्रगीताच्या रोलवर वेळ घाल. बंद खोलीत खऱ्या ड्रमवर सराव करणार असशील तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते घे, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

क्लासचं म्हणशील तर संभाजीनगर-नांदेडला ड्रमसेट शिकवणारे आहेत, रुडिमेंट्स तेही शिकवतात, पण बसून. दर आठवड्याला जिंतूरहून जाण्या-येण्यात जो दिवस जातो त्याच्या मानानं तुला त्यातून फार मिळणार नाही. त्याआधी तालुक्यात चौकशी कर. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस आपल्याकडं बऱ्याच गावांत सापडतो, आणि त्याला कुणी काही विचारायला येत नाही. एनसीसीच्या सरांना किंवा माजी सैनिकांच्या संघटनेत विचार. असा कुणी भेटला तर रोल वाजवून दाखवायला जाऊ नकोस. डाव्या हाताचे आठ ठोके हळू वाजव आणि 'काका, कुठं चुकतंय' म्हणून विचार. महिन्यातून दोन वेळा एवढं झालं तरी पुष्कळ, मधल्या दिवसांत वडील आहेतच ऐकायला.